संगीताचे मुखपृष्ठ : जंजिऱ्याची रागचित्रे आणि कुलाबा किनाऱ्याचे अचित्रित संगीत

१

जुन्या नियतकालिकांच्या संचांवर काम करणाऱ्या अभ्यासकास एक अडचण प्रारंभीच जाणवते. ग्रंथालयातून वर्षाचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची रीत दीर्घकाळ रूढ होती. मजकूर तेवढा जपावयाचा आणि वेष्टन टाकून द्यावयाचे, हा त्यामागील हिशेब. त्यामुळे लेख हाती येतात, परंतु ते ज्या चेहऱ्याने वाचकांपुढे आले तो चेहरा हाती येत नाही. राजकीय किंवा वाङ्मयीन नियतकालिकांच्या बाबतीत ही हानी काही अंशी भरून काढता येते, कारण तेथे मजकूर आणि विषय दोन्ही शब्दरूपच असतात. संगीतविषयक प्रकाशनांची गोष्ट मात्र वेगळी आहे. संगीत हा कानाचा विषय, तर छापील पान ही डोळ्याची वस्तू. जे दिसत नाही ते दाखवावयाचे असल्यामुळे संगीताच्या पुस्तकास, मासिकास आणि पुढे ध्वनिमुद्रिकेस कोणत्या तरी चित्राचा आश्रय करावा लागतो. ते चित्र निवडताना 'संगीत म्हणजे काय' ह्या प्रश्नाचे उत्तर प्रकाशकाने नकळत दिलेले असते.

ह्या दृष्टीने पाहता मुखपृष्ठ ही केवळ सजावट राहत नाही. कोणता संगीतप्रकार प्रतिष्ठित, कोणता मनोरंजनापुरता आणि कोणता मुळीच नोंद न घेण्यासारखा, ह्याचा निवाडा त्यावर उमटलेला असतो. प्रस्तुत लेखात हा निवाडा एका लहानशा प्रदेशाच्या संदर्भात तपासावयाचा आहे. हा प्रदेश म्हणजे पूर्वीचा कुलाबा आणि १९८१ पासूनचा रायगड जिल्हा, विशेषतः त्याची अलिबाग, रेवदंडा, मुरूड ही किनारपट्टी. ह्या किनाऱ्याशी निकट संबंध असलेल्या एका दांपत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानी संगीतास इंग्रजी ग्रंथातून एक चित्ररूप दिले. त्याच किनाऱ्यावर गायले जाणारे संगीत मात्र त्यानंतर कित्येक वर्षे चित्राविनाच राहिले. ह्या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या असता संगीताच्या छापील इतिहासाचा एक दुर्लक्षित भाग स्पष्ट होतो.

२

जंजिरा हे सिद्दी नवाबांचे संस्थान. मुरूड ही त्याची राजधानी. मुरूडसमोरील समुद्रात उभा असलेला दुर्ग हे त्याचे बळ. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळापासून सिद्दी सरदारांचा ह्या दुर्गाशी संबंध होता. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन कुलाबा जिल्ह्याचा भाग झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील नवाब सिद्दी अहमदखान यांचा विवाह नाझली बेगम यांच्याशी झाला. नाझली बेगम ह्या मुंबईच्या तय्यबजी घराण्याशी निकटचे नाते असलेल्या फैजी कुटुंबातील. त्यांच्या धाकट्या भगिनी अतिया फैजी यांचा जन्म १८७७ साली इस्तंबूल येथे झाला. अतिया बेगम यांनी १९०६ ते १९०७ ह्या काळात लंडनच्या अध्यापक विद्यालयात शिक्षण घेतले. त्या प्रवासाची त्यांची उर्दू रोजनिशी पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. कवी इक्बाल आणि विद्वान शिबली नोमानी यांच्याशी त्यांचा स्नेह होता. बहिणीच्या निमित्ताने जंजिऱ्याचा राजवाडा त्यांना घरासारखा झाला होता. नाझली बेगम यांचा नवाबांशी असलेला विवाहसंबंध १९१३ साली संपुष्टात आला. तेव्हा पुढे ज्या ग्रंथाचा विचार करावयाचा आहे तो 'जंजिऱ्याचा' आहे असे म्हणताना एक मर्यादा पाळली पाहिजे. तो दरबाराने काढलेला ग्रंथ नव्हे. ज्या घरातून तो आला त्या घराचे काही आयुष्य ह्या किनाऱ्यावर गेले होते, एवढाच त्याचा अर्थ.

१९१२ साली अतिया बेगम यांचा विवाह चित्रकार सॅम्युएल रहामिन यांच्याशी झाला. दोघांनी आपली आडनावे जोडून 'फैजी-रहामिन' हे नाव धारण केले. रहामिन हे पुण्याच्या बेने इस्राएल कुटुंबात १८८० साली जन्मले. विवाहाच्या निमित्ताने त्यांनी इस्लाम धर्म स्वीकारला. बेने इस्राएल समाजाचे मूळ, त्यांच्या परंपरेनुसार, अलिबागजवळच्या नवगाव येथे फुटलेल्या गलबतापाशी जाते. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कुलाब्यात ह्या लोकांना 'शनिवार तेली' असे म्हणत. म्हणजे पत्नीचा किनाऱ्याशी संबंध राजवाड्याकडून, तर पतीचा त्याच किनाऱ्याच्या खेड्यापाड्यांकडून होता. ही गोष्ट लेखाच्या उत्तरार्धात पुन्हा विचारात घ्यावी लागेल.

रहामिन यांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर लंडनच्या रॉयल अकादमीच्या शाळेत झाले. तेथे सार्जंटसारख्या व्यक्तिचित्रकाराचे मार्गदर्शन त्यांना लाभले. तैलरंगातील पाश्चात्त्य पद्धतीची व्यक्तिचित्रे काढण्यात ते निष्णात झाले. परंतु पुढे ती पद्धती बाजूस सारून राजपूत आणि मोगल लघुचित्रांच्या वळणाची जलरंगातील चित्रे ते काढू लागले. ह्या बदलास काळही अनुकूल होता. हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी यांच्या लेखनाने भारतीय चित्रपरंपरेकडे पाहण्याची दृष्टी पालटली होती. १९१० साली लंडनमध्ये इंडिया सोसायटीची स्थापना झाली होती, आणि १९१६ साली कुमारस्वामींचा राजपूत चित्रकलेवरील ग्रंथ बाहेर पडावयाचा होता. लघुचित्रांच्या परंपरेत रागमालेचे स्थान मोठे होते. चित्रकार पती आणि संगीताची अभ्यासक पत्नी यांचा संगम रागचित्रात व्हावा हे त्यामुळे स्वाभाविक होते.

३

१९१४ साली लंडनमध्ये भारतीय संगीतावरील हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखिकेने 'शाहिंदा' हे टोपणनाव घेतले होते. सोबत 'बेगम फैजी-रहामिन' असाही निर्देश होता. प्रकाशक विल्यम मार्चंट हे गूपिल गॅलरी ह्या चित्रदालनाचे चालक होते. संगीतावरील पुस्तक चित्रविक्रेत्याने काढावे ही बाब सूचक आहे. पाश्चात्त्य वाचकास राग ऐकवता येत नव्हता. त्यास तो दाखविणे शक्य होते. ह्या ग्रंथाची वाढविलेली आवृत्ती १९२५ साली लुझॅक ह्या प्राच्यविद्येच्या प्रकाशनसंस्थेने काढली. ह्या ग्रंथांतील राग-रागिणींची चित्रे रहामिन यांच्या हातची होती. 'रागिणी तोडी' ह्या विषयावरील त्यांचे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे.

रागास मूर्त रूप देण्याची ही कल्पना अर्थातच फैजी-रहामिन दांपत्याची नव्हे. मध्ययुगीन संगीतग्रंथांतून रागांची ध्यानवर्णने येतात. खानदेशाशी संबंध असलेल्या पुंडरीक विठ्ठलाने १५७६ साली 'रागमाला' ह्याच नावाचा ग्रंथ रचला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनच्या सुलतानशाह्यांत रागमालेची उत्कृष्ट चित्रे निर्माण झाली. त्यानंतर राजस्थान आणि पहाडी प्रदेशात ही परंपरा विस्तारली. हनुमन्मतानुसार भैरव, मालकंस, हिंदोल, दीपक, श्री आणि मेघ हे सहा पुरुषराग आणि प्रत्येकाच्या परिवारात रागिणी अशी ही व्यवस्था होती. भैरवासाठी शिवाचे रूप, हिंदोलासाठी झोपाळा, दीपकासाठी ज्योत, मेघासाठी वर्षाकाळचे आकाश, तोडीसाठी वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्या स्वरांनी खिळलेली हरिणे, असे संकेत ठरून गेले होते. लघुचित्र पाहणाऱ्या रसिकास हे संकेत परिचित असत आणि चित्राच्या माथ्यावरील श्लोक त्यास साहाय्य करी.

छापील ग्रंथात ही चित्रे आली तेव्हा त्यांचे कार्य बदलले. लघुचित्र हे एका धनिकाच्या संग्रहातील एकमेव पान असे. छापील चित्र अनेक प्रतींत जाते आणि ज्यांनी राग कधी ऐकलेला नाही अशांपर्यंत पोहोचते. अशा वाचकाच्या दृष्टीने चित्र हे रागाचे स्मरण राहत नाही, तर रागाऐवजी येणारी वस्तू होते. येथपासून चित्रास एक स्वतंत्र सत्ता प्राप्त झाली असे म्हणण्यास हरकत नाही.

४

ही सत्ता किती प्रबळ होती हे समजण्यासाठी त्याच वर्षांतील दुसऱ्या एका प्रयत्नाकडे वळले पाहिजे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' ह्या मराठी ग्रंथाचा पहिला भाग १९१० साली प्रसिद्ध झाला. पुढे १९३२ पर्यंत त्याचे चार भाग पूर्ण झाले. ह्याशिवाय त्यांनी सहा भागांची क्रमिक पुस्तकमालिका सिद्ध केली. अतिया बेगमांनी 'शाहिंदा' हे नाव घेतले तसे भातखंड्यांनीही आपल्या संस्कृत ग्रंथासाठी 'चतुरपंडित' हे नाव घेतले होते. साम्य येथेच संपते. भातखंड्यांनी राग-रागिणी व्यवस्था त्याज्य ठरविली. एखादी रागिणी अमुक रागाची भार्या का, ह्यास स्वरांचा आधार दाखविता येत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. त्याऐवजी त्यांनी प्रचलित रागांची दहा थाटांत विभागणी केली.

ही विभागणी लावून पाहिली म्हणजे चित्रांतील कुटुंब कसे विखुरते हे ध्यानात येते. हनुमन्मताच्या सहा पुरुषरागांपैकी भैरव हा भैरव थाटात, मालकंस भैरवी थाटात, हिंदोल कल्याण थाटात, श्री पूर्वी थाटात आणि मेघ काफी थाटात जातो. दीपक तर आख्यायिकेतच अधिक आढळतो; मैफलीत तो क्वचितच ऐकू येतो. तोडी ही चित्रात रागिणी होती. भातखंड्यांच्या पद्धतीत ती स्वतःच एका थाटाचे नाव होते. कोमल ऋषभ, कोमल गांधार, कोमल धैवत आणि तीव्र मध्यम ही तिची ओळख ठरते. वनातील स्त्री आणि तिच्याभोवतीची हरिणे ह्यांना ह्या ओळखीत स्थान नाही. ध्यानश्लोकाच्या जागी भातखंड्यांनी लक्षणगीत आणले. त्यात रागाचे रूप सांगितले जाते ते वादी, संवादी, वर्ज्य स्वर आणि गानसमय यांच्या द्वारे.

१९१६ साली बडोदे येथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागे भातखंडे यांची प्रेरणा होती, आणि अतिया बेगम ह्याही त्या परिषदेत उपस्थित होत्या. संगीतास राष्ट्रीय प्रतिष्ठा मिळावी, त्याचे शिक्षण सुव्यवस्थित व्हावे, ही आकांक्षा दोघांचीही होती. तथापि एकाने संगीत कोष्टकात मांडले, दुसऱ्याने चित्रात. इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, शाळांतून, परीक्षांतून आणि पाठ्यपुस्तकांतून कोष्टकाचा विजय झाला. परंतु राग म्हणजे एक देवता किंवा नायिका, ही प्रतिमा लोकांच्या मनातून गेली नाही. ज्या विद्यार्थ्याने थाटपद्धतीने राग शिकला त्याच्याही मनात मेघाबरोबर पावसाळी आकाश आणि दीपकाबरोबर ज्योत उभी राहते. सिद्धांत मागे पडला तरी त्याचे चित्र टिकून राहते, ह्याचे इतके स्पष्ट उदाहरण सहसा सापडत नाही.

ह्याचे कारण केवळ जनांची भाविकता हे नव्हे. थाट दिसत नाही. सात स्वरांची ओळ वेष्टनावर छापली तर ती जाणकारासच कळेल. उलट वीणाधारिणी सरस्वती, वनातील रागिणी किंवा तंबोरा यांपैकी कोणतेही चित्र पाहताच 'हे संगीताचे पुस्तक' असे कोणासही समजते. राजा रविवर्म्याच्या मुद्रणालयातून निघालेल्या सरस्वतीच्या रंगीत प्रतींनी घरोघरी हा संकेत पक्का केला होता. शिवाय रागचित्रात एक सत्यांशही होता. रागाचा प्रहर आणि ऋतू चित्रकाराने जपले होते. गानसमयाचा नियम भातखंड्यांनीही सोडला नव्हता. तेव्हा आत स्वरलिपी आणि बाहेर देवता, ही विभागणी विसंगत वाटली तरी व्यवहारात सोयीची होती.

५

मराठी प्रदेशातील संगीतविषयक प्रकाशनांपुढे देवतेखेरीज दुसराही एक पर्याय हळूहळू उभा राहिला. तो म्हणजे कलावंताचे छायाचित्र. हाफटोन ठशांच्या प्रसारामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी मासिकांना छायाचित्रे छापणे शक्य झाले. ह्याचा पहिला मोठा लाभ नाट्यसंगीतास मिळाला. पुण्याहून शंकर बापूजी मुजुमदार यांनी चालविलेल्या 'रंगभूमि' मासिकाचा विषय नाटक हा होता. नाटकाच्या पदांची छोटी पुस्तके नाट्यगृहात विकली जात. 'मानापमान' १९११ साली आणि 'स्वयंवर' १९१६ साली रंगभूमीवर आले. त्यांच्या चालींमागे अनुक्रमे गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले होते. परंतु प्रेक्षकांच्या दृष्टीने त्या संगीताचा चेहरा बालगंधर्वांचा होता, आणि तोही स्त्रीवेषातील. चाल देणारा पडद्याआड राहिला, पद म्हणणारा चित्रात आला. संगीतप्रकार आणि चेहरा यांचे हे नाते राग-रागिणीच्या नात्याहून सर्वस्वी निराळे आहे. येथे देवतेची जागा नटाने घेतली.

शास्त्रीय संगीताच्या नियतकालिकांत हे स्थित्यंतर सावकाश घडले. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. तेथून 'संगीतामृत प्रवाह' हे मासिक निघाले. हाथरस येथील 'संगीत' हे हिंदी मासिक १९३५ पासूनचे. महाराष्ट्रात गांधर्व महाविद्यालय मंडळाचे 'संगीत कला विहार' हे मासिक स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू झाले. त्याचे संपादन प्रा. बा. र. देवधर यांनी दीर्घकाळ केले. देवधरांनी गायक-वादकांची जी चरित्रे लिहिली ती पुढे 'थोर संगीतकार' ह्या ग्रंथात आली. ह्या चरित्रलेखनाचा अर्थ मोठा आहे. रागाच्या कुळाऐवजी गायकाचे घराणे, रागिणीच्या रूपाऐवजी उस्तादाचा स्वभाव, त्याची तालीम, त्याचा हट्ट आणि त्याचे दारिद्र्य हे वाचकाच्या जिज्ञासेचे विषय झाले. संगीताचा इतिहास हा संगीतकारांचा इतिहास होय, ही समजूत येथे दृढ झाली.

ध्वनिमुद्रिकांनी ह्या समजुतीस बाजाराची जोड दिली. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गेसबर्ग यांनी हिंदुस्थानातील पहिली व्यापारी मुद्रणे केली. तबकड्या त्या काळी जर्मनीतील हॅनोव्हर येथे घडविल्या जात. गाणे संपताच गौहरजान आपले नाव स्वतःच उच्चारीत असे. परदेशातील कामगारांना तबकडी ओळखता यावी ह्यासाठी ती सोय होती. म्हणजे प्रारंभी मुखपृष्ठाचे काम आवाजानेच केले. नंतर मधल्या गोल कागदी चिठ्ठीवर गायकाचे नाव, रागाचे नाव आणि संगीतप्रकाराचे नाव छापले जाऊ लागले. 'नाट्यगीत', 'भावगीत', 'लावणी', 'अभंग' ह्या शब्दांना वर्गवारीचे रूप येण्यास ह्या चिठ्ठ्या आणि कंपन्यांच्या याद्या बऱ्याच अंशी कारण झाल्या. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीचे वेष्टन मात्र सामान्यतः सर्वांना सारखेच असे : कंपनीचे नाव, तिचे चिन्ह आणि मधोमध चिठ्ठी दिसण्यापुरते भोक. प्रत्येक संचास स्वतंत्र चित्र मिळू लागले ते दीर्घवादी आणि पंचेचाळीस फेऱ्यांच्या तबकड्यांच्या काळात. तेव्हा कुठे संगीताच्या प्रत्येक प्रकारास आपापला चेहरा शोधणे भाग पडले.

६

आता पुन्हा किनाऱ्याकडे वळावयाचे. ज्या काळात जंजिऱ्याशी संबंधित घरातून रागांची चित्रे लंडनला गेली, त्या काळात ह्या किनाऱ्यावर कोणते संगीत नांदत होते? आगरी आणि कोळी समाजांच्या लग्नांत धवलारीण धवले गात असे. हळदीपासून पाठवणीपर्यंतच्या विधींना तिच्या गाण्याचा आधार असे. होड्या ओढताना, वल्ही मारताना, शिमग्यात आणि नारळी पौर्णिमेस म्हटली जाणारी कोळ्यांची गाणी होती. दक्षिणेकडील गावांतून जाखडीचे नाच होते. आणि बेने इस्राएलांची मराठी कीर्तने होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या समाजातील शिक्षितांनी हिब्रू धर्मग्रंथांतील आख्याने मराठी कीर्तनाच्या साच्यात, साकी, दिंडी, आर्या यांसारख्या वृत्तांत बसविली आणि ती पुस्तकरूपाने छापली. रेवदंडा, अलिबाग, पेण येथील प्रार्थनामंदिरांभोवती वाढलेल्या समाजाने संगीताच्या बाबतीत आपल्या शेजाऱ्यांशी किती घट्ट नाते जोडले होते, ह्याची ही कीर्तने साक्ष आहेत.

ह्यांपैकी एकही प्रकार त्या काळच्या संगीतग्रंथाचा चेहरा झाला नाही. ज्या चित्रकाराच्या पूर्वजांच्या समाजात मराठी कीर्तन रुजले होते, त्याच्या कुंचल्याने तोडी रंगविली. ह्यात दोष काढण्याचे कारण नाही. रहामिन दांपत्याचा विषय शास्त्रीय संगीत हा होता. शिवाय ज्या काळी पाश्चात्त्य समीक्षक भारतीय संगीतास असंस्कृत ठरवीत, त्या काळी त्याची प्राचीनता आणि उदात्तता दाखविणे हे एक कर्तव्यच होते. परंतु त्या निवडीचा परिणाम स्पष्ट आहे. भारतीय संगीताची जी प्रतिमा छापली गेली तीत दरबार होता, वन होते, देवालय होते; होडी नव्हती, लग्नाचा मांडव नव्हता. भातखंड्यांच्या कोष्टकातही ह्या गाण्यांना स्थान मिळावयाचे नव्हते. चित्र आणि कोष्टक हे एरवी परस्परविरोधी; किनाऱ्याच्या संगीताबाबत मात्र दोहोंचे मौन एकसारखेच होते.

येथे एका गोष्टीची तुलना उद्बोधक ठरेल. 'धवळे' हा शब्द मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अत्यंत प्रतिष्ठित आहे. तेराव्या शतकातील महदंबेचे धवळे हे मराठीतील आद्य कवयित्रीचे काव्य म्हणून प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. हस्तलिखितात उतरल्यामुळे ते वाङ्मय झाले. त्याच नावाचे, विवाहप्रसंगीच गायले जाणारे आणि स्त्रियांनीच जपलेले धवलारिणींचे गाणे दीर्घकाळ ना वाङ्मयात धरले गेले, ना संगीतात. कागदावर येणे आणि प्रतिष्ठा मिळणे यांचे नाते किती निकटचे आहे हे ह्यावरून ध्यानात यावे.

७

किनाऱ्याच्या संगीतास चेहरा मिळाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तो मासिकाने नव्हे तर ध्वनिमुद्रिकेने दिला. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांच्या चाली आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांचे आवाज ह्यांतून सिद्ध झालेल्या कोळीगीतांनी 'कोळीगीत' हा संगीतप्रकार घराघरात नेला. शाहीर विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांनीही त्याला लोकप्रियता मिळवून दिली. पुढे १९८० नंतरच्या काळात कॅसेट स्वस्त झाल्या. तेव्हा कोळीवाड्यांतील मंडळींच्या स्वतःच्या गाण्यांचे संच निघू लागले. शिडाचे गलबत, नारळ, मासळीची टोपली घेतलेली आणि काष्टा घातलेली स्त्री, रुमाल नेसलेला आणि टोपी घातलेला कोळी, हे त्या वेष्टनांचे ठरलेले संकेत झाले. वीणा आणि हरीण हे जसे तोडीचे, तसे गलबत आणि टोपली हे कोळीगीताचे लक्षण ठरले. एका अर्थी ही आधुनिक रागमालाच होय.

ह्या चेहऱ्याने काय दिले आणि काय घेतले, ह्याचा हिशेब इतिहासकाराने नीट मांडला पाहिजे. लाभ उघड आहे. ज्या गाण्यांना नाव नव्हते त्यांना नाव मिळाले. कोळी समाजाच्या संगीतास बाजारात, शाळांच्या स्नेहसंमेलनात आणि चित्रपटात स्थान मिळाले. कॅसेटच्या काळात तर समाजातील गायक स्वतः वेष्टनावर आले. परंतु चित्राने निवड केली तीही तितकीच कठोर होती. जे गाणे नाचता येते आणि ज्यात समुद्र दिसतो ते कोळीगीत, अशी व्याख्या होऊन बसली. एकाच विधीत तासन्‌तास चालणारे, संथ चालीचे, वाद्याविना म्हटले जाणारे धवले ह्या चित्रात बसणारे नव्हते. तीन मिनिटांच्या तबकडीतही त्यांना जागा नव्हती. बेने इस्राएल समाजातील बहुसंख्य कुटुंबे १९४८ नंतरच्या दशकांत इस्राएलला गेली. त्यांची कीर्तने किनाऱ्यावरून जवळजवळ नाहीशी झाली आणि त्यांना बाजारी वेष्टन कधी लाभलेच नाही. स्वतः फैजी-रहामिन दांपत्य फाळणीनंतर कराचीस गेले. तेथे सॅम्युएल यांचे १९६४ साली आणि अतिया बेगम यांचे १९६७ साली निधन झाले. अशा रीतीने किनाऱ्याची दोन निरनिराळी संगीतस्मृतिधने, एक राजवाड्याचे आणि एक खेड्याचे, एकाच पिढीत दोन दिशांना दूर गेली.

८

वरील विवेचनातून संशोधनाच्या पद्धतीविषयी काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, संगीतविषयक प्रकाशनाचे मुखपृष्ठ हे त्या प्रकाशनाच्या मजकुराचे प्रतिबिंब असतेच असे नाही. आत थाट आणि बाहेर रागिणी, आत समाजाचे गाणे आणि बाहेर गलबत, अशी तफावत वारंवार आढळते. ही तफावतच अभ्यासाचा विषय झाली पाहिजे. कारण मजकूर लेखकाचे मत सांगतो, तर मुखपृष्ठ वाचकाविषयीचा प्रकाशकाचा अंदाज सांगते. दुसरा निष्कर्ष असा की, संगीतप्रकारांची नावे ही केवळ शास्त्रकारांनी दिलेली नसतात. वेष्टन, चिठ्ठी आणि यादी यांनीही ती घडविलेली असतात. 'भावगीत' किंवा 'कोळीगीत' ह्या संज्ञांचा इतिहास लिहावयाचा तर ग्रंथांइतकेच तबकड्यांच्या वेष्टनांकडे वळावे लागेल. तिसरा निष्कर्ष अभावाविषयी आहे. ज्या संगीतास मुखपृष्ठ मिळाले नाही त्याचा शोध छापील साधनांत घेऊन भागणार नाही. धवलारीण ज्या कुटुंबांत आहे, कीर्तनाच्या जुन्या प्रती ज्या पेट्यांत आहेत, तेथपर्यंत जावे लागेल.

ह्या कामास वेळ फारसा उरलेला नाही. मासिकांची मुखपृष्ठे बांधणीकाराच्या कात्रीने गेली. तबकड्यांची वेष्टने दमट हवेत कुजली. कॅसेटमधील रंगीत कागद फिकट होत आहेत. समुद्रकाठच्या हवेत कागद टिकत नाही, हे अलिबाग-मुरूडच्या कोणत्याही जुन्या घरात पाहावयास मिळते. ग्रंथालयांनी यापुढे नियतकालिकांची बांधणी करताना मुखपृष्ठे संचातच ठेवावीत. ज्या ध्वनिमुद्रिका संग्रहित होतील त्यांची वेष्टनेही तबकडीबरोबर नोंदली जावीत. आणि प्रत्येक नोंदीत चित्राचा विषय, चित्रकाराचे नाव मिळाल्यास ते नाव, आणि छापलेला संगीतप्रकार ह्या तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात. एवढे झाले तरी पुढील अभ्यासकास बरेच साधन हाती येईल. कुलाबा किनाऱ्याच्या संगीताचा इतिहास अद्याप लिहावयाचा आहे. तो लिहिला जाईल तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर कोणते चित्र असावे ह्याचा निर्णयही त्या इतिहासाचाच एक भाग असेल.